दिव्यांची हजेरी

गाडीची किल्ली अर्धी फिरवली की स्टिअरिंगच्या मागच्या काचेत सगळे दिवे एकदम लागतात. बॅटरीचा, ऑइलचा, हँडब्रेकचा, इंजिनचा, एअरबॅगचा. गाडी सुरू झाली की ते विझतात. लागले पाहिजेत आणि विझलेही पाहिजेत. जो लागतच नाही तो दिवा वाईट, आणि जो विझतच नाही तोही वाईट. हे मला गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण गाडीसोबत मिळालेलं जाडजूड माहितीपुस्तक आमच्या घरात फक्त मी वाचलं. माझ्या नवऱ्यानं ते सीटखाली सरकवून दिलं होतं.

घरात मी त्याला कायम अहो-जाहोच केलं. लिहिताना मात्र 'तो' म्हणते आहे. रागात असताना अहो-जाहो जमत नाही, आणि हा राग काही लवकर जाईल असं वाटत नाही.

मी भातकुली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं घर अमरावतीला. नवरा अकोल्याला एका सरकारी कार्यालयात होता. कित्येक वर्षं त्यानं बडनेऱ्याहून रेल्वेनं येणं-जाणं केलं. मग त्याच्याकडे अकोल्याच्या पलीकडच्या गावांची पाहणी आली, गाड्यांची वेळ जुळेना, आणि त्यानं परतवाड्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी डिझेल गाडी घेतली. आमच्या माहेरी-सासरी मिळून ती पहिली चारचाकी. गाडी दारात उभी राहिली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या, पदरानं बॉनेट पुसलं आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी नवरा उगाचच कॉलनीला चकरा मारत होता. मी आणि मुलगी मागच्या सीटवर बसून हसत होतो.

जुन्या गाडीचे दिवे म्हणजे चहाड्या सांगणारी पोरं. सारखं काहीतरी असायचंच. एकदा हँडब्रेक सोडलेला असूनही त्याचा दिवा वळणावर लुकलुकायला लागला. नवरा म्हणाला, दिवाच खराब आहे. मी पुस्तकात पाहिलं, ब्रेकचं ऑइल कमी झालं की तोच दिवा लागतो. झाकण उघडलं तर ऑइल खाली गेलेलं, कारण ब्रेकच झिजले होते. दुसऱ्या वेळी बॅटरीचा दिवा मंद पेटलेला राहायचा, धड लागलेला नाही आणि धड विझलेला नाही. अमरावतीचा आमचा नेहमीचा इलेक्ट्रिक मिस्त्री बॉनेटखाली वाकला, एक गंजलेली अर्थिंगची तार काढली, पॉलिश पेपरनं घासली, परत आवळली, आणि दिवा विझला. तेव्हापासून मला त्या दिव्यांचा लळाच लागला म्हणा ना. माणसं सांगत नाहीत, निदान दिवे तरी सांगतात.

रविवारी सकाळी गाडी धुतली की मी त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसायची. तो किल्ली अर्धी फिरवायचा आणि मी हजेरी घ्यायची. मास्तरणीची सवय.

"बॅटरी?"

"हजर."

"ऑइल?"

"हजर, बाई."

"एअरबॅग?"

"हजर. आता सोडा सगळ्यांले घरी, भूक लागली."

मग तो गाडी सुरू करायचा, दिवे विझायचे, आणि आम्ही चहाला आत जायचो. शेजारचे लोक पाहायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. चिडवायचा मात्र. "तू मास्तरीन हायेस का आरटीओ?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. मी चिडायची, त्याला ते आवडायचं.

मग एअरबॅगचा दिवा विझेनासा झाला. लाल, बसलेल्या माणसाच्या छातीपुढे गोल फुगा असं त्याचं चित्र. गाडी सुरू झाली तरी तो तसाच. त्याच सुमाराला हॉर्नही कधी वाजायचा, कधी नाही, विशेष करून स्टिअरिंग वळवलं की. नवरा मिस्त्रीकडे एकटाच जाऊन आला. येऊन म्हणाला, "पार्ट मागवा लागते. जुनं मॉडेल आहे, लवकर भेटत नाई."

"मग तोवर?"

"तोवर काय? गाडी त चालून राहिली ना."

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. तो दिवा लागून राहिला तर धडक बसल्यावर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. मी ते त्याला वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि बॅग घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी परत विषय काढला. तिसऱ्या दिवशी परत. खरं सांगायचं तर मी पिच्छाच पुरवला. सकाळी डबा हातात देताना दिवा, संध्याकाळी बूट काढताना दिवा. सासूबाई एकदा म्हणाल्या, "जाऊ दे वं, निंगाच्या टायमाले काहून डोकं खातं त्याचं?" मी म्हटलं, निघायच्या वेळीच बोलायला हवं, आल्यावर बोलून काय उपयोग.

आमची मुलगी अकोल्याला शेतकी कॉलेजला शिकते, तिथंच होस्टेलवर राहते. शनिवारी ती घरी यायची आणि सोमवारी सकाळी बापाच्या गाडीतून परत जायची. एका सोमवारी मी तिची बॅग गाडीतून काढून घेतली. दिवा विझत नाही तोवर पोरगी एसटीनं जाईल, असं सांगितलं. मुलगी फुरंगटली. तिला ते सोमवारचे दीड-दोन तास आवडायचे, बापलेकीची गाणी, मूर्तिजापूरला चहा. नवरा एकटाच निघून गेला. त्या दिवशी मला वाटलं, आता हा काहीतरी करेल.

त्यानं केलं. पुढच्या आठवड्यात अकोल्याहून आला आणि गेटमधूनच म्हणाला, "झाला तुहा दिवा बंद." खरंच गाडी सुरू असताना काचेत काहीच लाल नव्हतं. पण रविवारी हजेरी घेतली तर एअरबॅग गैरहजर. किल्ली अर्धी फिरवली, बाकी सगळे लागले, तो लागलाच नाही.

"हा लागत नाही," मी म्हटलं.

"इझला पाहिजे असं तूच म्हणत होती ना?"

"आधी लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. लागतच नाही म्हणजे बल्ब गेला असेल, नाहीतर कुणी काढला असेल."

तो मोठ्यानं हसला. "बल्बच गेला असन," म्हणाला. "पाहतो."

त्यानंतरच्या रविवारी दिवा लागला. गाडी सुरू केली, एका क्षणात विझला. मी परत करायला लावलं. लागला, विझला. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला हॉर्नचं एक वेगळं लाल बटण बसवलेलं दिसलं, त्याचं विचारलं तर म्हणाला, जुनं बटण घासलं होतं, मिस्त्रीनं हे लावून देल्लं. मला तेवढं पुरलं. त्या दिवशी मी कोथिंबीर भरून सांभारवड्या केल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी बापाच्या शेजारी बसून गाणी म्हणत अकोल्याला गेली, आणि मी गेटमध्ये उभी राहून हात हलवला. फार बरं वाटलं होतं मला. आपलं ऐकलं गेलं, याचं जे बरं वाटतं ते.

पुढचे महिने चांगले गेले. दिव्यावरून घरात एक शब्द झाला नाही.

तो हिवाळ्यातल्या एका मंगळवारी गेला. मुलगी त्या दिवशी गाडीत नव्हती. मूर्तिजापूरच्या अलीकडे सकाळच्या धुक्यात सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला बंद पडली होती, मागे दिवा नाही, लाल कापडही नाही. त्यानं ब्रेक दाबला होता, रस्त्यावर तसे डाग होते. बेल्ट लावलेला होता. गाडी फार वेगात नव्हती, असं पोलीसही म्हणाले. छाती स्टिअरिंगवर आदळली. एअरबॅग उघडली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत तो वाटेतच संपला.

घरी माणसांची रीघ लागली. येणारे काय काय बोलतात. कुणी म्हणालं, धुक्यात निघायलाच नको होतं. कुणी म्हणालं, जुनी गाडी ती जुनीच. एका नातलगानं मला ऐकू जाईल असं विचारलं, बेल्ट लावला होता का नाही कोण जाणे. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि त्यांना सांगितलं की लावला होता, आणि यापुढे या घरात हा प्रश्न विचारायचा नाही.  पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, भोजनदान झालं, पांगापांग झाली. सासूबाई, मुलगी आणि मी, तिघीच उरलो.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत होती. दिवा लागत होता आणि विझत होता. मी दर रविवारी स्वतः पाहिलं होतं. मग एअरबॅग का उघडली नाही? कुणीतरी त्याला खोटा पार्ट लावून फसवलं असेल का? की त्याला सगळं ठाऊक होतं? मला एवढंच हवं होतं. आपल्यासमोरची एअरबॅग उघडणार नाही हे माहीत असून तो रोज त्या रस्त्यानं जात होता, की बिचारा फसवला गेला होता. लोकांना वाटेल, आता कळून काय करायचं. मला ते कळल्याशिवाय झोप नव्हती.

पोलिसांनी सोडल्यावर गाडी मूर्तिजापूरकडच्या एका क्रेनवाल्याच्या मोकळ्या जागेत पडून होती. मी अमरावतीच्या मिस्त्रीला विचारलं, येता का. तो दुकान बंद करून माझ्याबरोबर आला. पुढचा भाग पार आत गेलेला होता. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवून गेले होते आणि पहिल्यांदा तिकडेच पाहिलं. सीटवर काच होती. त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पायाशी पडलेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, तुमी तिकडं सावलीत बसा." मी बसले नाही.

त्यानं पहिल्यांदा ते लाल बटण पाहिलं. बोटानं दाबलं, मग मान हलवली.

"कॉइल बदललीच नाई, मॅडम. स्टिअरिंगच्या खाली तारेची एक गुंडाळी असते. त्याच्यातूनच हॉर्नची तार जाते आन् त्याच्यातूनच एअरबॅगची. ते तुटली होती म्हणून हॉर्न बंद पडत होता आन् म्हणूनच दिवा लागला होता. साहेबाले मी तवाच सांगतलं होतं. नवीन बसवली असती त हॉर्न जागच्या जागी वाजला असता. हे बटण लावाची गरजच नोती."

"पण दिवा तर विझायचा."

"त्याच्यासाठीच मीटर काहाडतो आता."

दिव्यांची ती सगळी काच, आमच्याकडे तिला मीटरच म्हणतात, त्यानं पेचकसानं सैल करून बाहेर ओढली आणि उलटी केली. मागे हिरवी पाटी, तिच्यावर बारीक रेघा. त्यानं एका जागी बोट ठेवलं. ऑइलच्या दिव्यापासून एअरबॅगच्या दिव्यापर्यंत एक आखूड निळी तार, दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग देऊन जोडलेली. मूळ तार कापून टाकलेली. काम अगदी नीटनेटकं होतं.

त्यानं सोबत आणलेली छोटी बॅटरी पायाशी ठेवली, दोन तारा लावल्या. ऑइलचा दिवा लागला, त्याच्याबरोबर एअरबॅगचा लागला. एक तार काढली. दोन्ही एकदमच विझले. त्यानं परत लावली, परत काढली. मी पाहत होते. अगदी तसंच, रविवारी दिसायचं तसंच.

"आता ह्या दिव्याचा एअरबॅगशी काई संबंधच नाई," तो म्हणाला. "गाडी चालू झाली, ऑइलचा इझला, की हाही इझते. पाहणाऱ्याले वाटते, सगळं बराबर आहे."

"हे कोण करतं?"

"जुन्या गाड्या विकणारे लय जण करतात. गिऱ्हाईक किल्ली फिरवून पाह्यते, लागला, इझला, खुश होते. पण तुमची गाडी विकाची थोडीच होती." त्यानं बॅटरी उचलून पिशवीत ठेवली. मग म्हणाला, "एअरबॅग असती त वाचलेच असते, असं बी सांगता येत नाई, मॅडम. ते मनात नका ठेवू."

नवस-सायास आमच्यात नाहीत, आणि मी कधी केलेही नाहीत. पण परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात एकच मागत होते, की त्याला फसवलेलं असो. माणूस काय मागायला लागतो पाहा. नवऱ्याला कुणीतरी लुबाडलेलं निघावं, असं मागत होते.

दिवा बंद होऊन आला होता तो अकोल्याहून. त्याच्या कार्यालयातल्या लोकांच्या गाड्या तिथं कुणाकडे जातात ते विचारायला वेळ लागला नाही. ऑफिसच्या मागच्या गल्लीतच दुकान होतं. म्हातारा मिस्त्री, डोळ्यांवर जाड चष्मा. मी नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला. त्याला बातमी कळलेली होती. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मले वाटलंच होतं, कोणीतरी येईन म्हणून."

मी निळ्या तारेचं विचारलं.

"मीच लावली," तो म्हणाला. "झूट नाही बोलत, भाभीजी. पार्ट भेटून नव्हता राहिला. मी साहेबाले म्हटलं, थोडं थांबा. साहेब म्हणे, थांबाले टाइम नाही, घरी रोज कटकट आहे. पोरीले गाडीत बसू देत नाही. तवा मी पहिले नुसता बल्ब काहाडून देल्ला. सगळे तसंच करतात. पण साहेब परत आले. हासत होते. म्हणे, आमच्या घरची बाई लय हुशार आहे. नुसता इझून चालत नाही, लागला नाही तरी तिले समजते. लागला पाहिजे आन् इझला पाहिजे, असं काहीतरी कर."

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी म्हटलं, साहेब, हे बराबर नाही. त म्हणे, चार दिवसांची गोष्ट आहे, पार्ट आला की बदलून टाकू."

"आणि पार्ट आला नाही?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हा खोटं बोलणार. बोलला असता तर मी त्याचे उपकार मानले असते.

"आला होता. दिवाळीच्या आधीच आला. मी फोन केला होता साहेबाले, दोनदा. म्हणे येतो, येतो. म्हणे, आता घरी शांती आहे, सवडीनं पाहू. अजून इथंच आहे डब्बा." त्यानं मागच्या फळीकडे हात केला. मी तिकडे पाहिलं नाही.

मी उठले. पोलिसात जाईन असं म्हणायचं ठरवून आले होते, ते म्हटलंच नाही. बसमध्ये खिडकीशी बसले आणि मूर्तिजापूर गेलं तरी मला कळलं नाही. डोक्यात फक्त ते वाक्य होतं. आता घरी शांती आहे. दिवा लाल असता तर तो रोज त्याला दिसला असता. मी रोज बोलले असते, तो रोज वैतागला असता, आणि डबा आल्याचा फोन आला त्या दिवशीच, मला गप्प करायला का होईना, त्यानं तो बसवून घेतला असता. त्यानं दिवा बंद केला आणि मी गप्प झाले, आणि दिवा आणि मी, दोघंही गप्प झाल्यावर त्याला आठवण करून देणारं कुणी राहिलंच नाही.

मला त्याचा इतका राग आला की रडू आलं नाही. माझ्या हुशारीचं कौतुक करत त्यानं मला फसवलं. साधं फसवलं असतं तर मी पकडलं असतं, म्हणून खास माझ्या मापाचं करून आणलं. आणि मी त्याला शेजारी बसवून खाऊ घातलं.

घरी आले तेव्हा सासूबाई पलंगावर बसून तुरीच्या डाळीतले खडे काढत होत्या. मी चपला न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तार, बल्ब, डबा, सगळं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या, बोटं डाळीत फिरत राहिली. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हातातला खडा खाली टाकला.

"मले ठाव होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सांगतलं होतं त्यानं मले. मी डोळे दाखवाले अकोल्याले गेलती ना त्याच्यासंग, तवा. मी म्हटलं, अरे, तिनं पाह्यलं त? म्हणे, तिले दिसणार नाई असंच करून आणलं, आई. तू नको सांगू, उगाच जीव खाईन माहा." त्यांनी डाळीचं ताट बाजूला सरकवलं. "मी म्हटलं, काई झालं त? त म्हणे, फुगा त माह्या एकट्याच्याच समोर आहे. पोरीच्या बाजूले पहिलेपासूनच नाई. तिच्या जिवाले काई फरक पडत नाई. तुही सून घरी बसून उगाच घाबरते."

हे खरं होतं. जुनं मॉडेल, एकच एअरबॅग, चालवणाऱ्यापुढची. पुस्तकात तेही लिहिलं होतं.

"तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाही."

"तू हासत होती वं," सासूबाई म्हणाल्या. "लय दिवसांनी सकाळी घरात भांडण नोतं. त्याले बरं वाटत होतं, तुले बरं वाटत होतं. मले वाटलं, चांगलंच झालं."

त्यांचा मुलगा गेला होता. पंच्याहत्तरीच्या बाईवर मी काय ओरडणार? पण मनात आलं ते लिहून टाकते. त्या क्षणी मला त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. मी आत जाऊन दार लावलं आणि त्या रात्रीचा स्वयंपाक केला नाही. मुलीनं भात लावला. दोघी बाहेर जेवल्या, ताटांचा आवाज आला, मग तोही थांबला.

फुगा माझ्या एकट्याच्याच समोर आहे. हे वाक्य मला अजून सहन होत नाही. त्याला वाटलं, जीव त्याचा आहे तर जोखीमही त्याची. इतकं साधं गणित त्यानं केलं, आणि मी गणित शिकवते. रोज भांडला असता तरी चाललं असतं. माझ्या तोंडावर म्हणाला असता, नाही बदलत जा, काय करायचं ते कर, तरी चाललं असतं. मी त्याच्या किल्ल्या लपवल्या असत्या. त्याला बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडायला स्वतः स्कूटीनं गेले असते. त्यानं मला तेवढी संधीच दिली नाही. मला घाबरू न देण्यासाठी त्यानं जे केलं, त्याला लोक प्रेम म्हणतील. सासूबाई म्हणतात. मला ते प्रेम नको होतं.

आता सासूबाई मला सगळं सांगतात. न विचारता सांगतात. गोळी घेतली, पायाला सूज आली, बाथरूममध्ये थोडं घसरायला झालं पण पडले नाही. त्या सांगतात आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. मी हो म्हणते. आणि त्या झोपल्या की गोळ्यांची पाकिटं उघडून पाहते, एकेक रिकामी जागा बोटानं चाचपून. गोळी घेतलेलीच असते. आजवर एकदाही त्या खोटं बोललेल्या सापडल्या नाहीत. त्यानं काही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी परत पाहते.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. आवाज बसलेला होता. ताप होता म्हणाली, पण उतरला, होस्टेलच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, काळजीचं काही नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग शाळेत रजा टाकली आणि मिळेल त्या बसनं अकोल्याला गेले. तिला कळवलं नाही. फाटकातून निरोप पाठवला तशी ती ओढणी सावरत बाहेर आली. मला पाहून जागीच थबकली.

"आई, काहून आली तू?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. मग मानेला. मग हातांना. थंड होती. ताप खरंच उतरलेला होता. तिनं मला सगळं पाहू दिलं, हलली नाही.

"पटलं?" तिनं विचारलं.

"हो."

"नाही पटलं," ती म्हणाली. तिचा चेहरा बापाचा आहे, डोळे माझे. "मी सांगितलं होतं ना फोनवर. मी खरंच सांगितलं होतं. आता मी काय केलं म्हणजे तुला माझं खरं वाटेल?"

फाटकावरचा माणूस आमच्याकडे पाहत होता. मी पिशवीतून तिच्यासाठी आणलेल्या दशम्या काढल्या, तिच्या हातात दिल्या. तिनं त्या घेतल्या, पण नजर काढली नाही. उत्तराची वाट पाहत राहिली.  तिचा हात माझ्या हातात होता, थंड, अगदी व्यवस्थित, आणि तिला सोडून स्टँडकडे निघाले तरी मला वाटत होतं, होस्टेलच्या डॉक्टरला एकदा भेटूनच जावं.